चारशे वर्षांचे राज्य : श्वार्त्सच्या 'ड्रॅगन'मधील सत्ता आणि प्रजा

रूपकात्मक साहित्यकृतीच्या वाट्याला समीक्षेत एक ठरावीक दैव येते. तिच्यातील पात्रांमागे कोण उभे आहे याचा शोध लागला, की वाचन संपले असे मानले जाते. येवगेनी श्वार्त्स (१८९६-१९५८) या रशियन नाटककाराच्या 'ड्रॅगन' या तीन अंकी नाटकाबाबत हे जितक्या सातत्याने घडले, तितके विसाव्या शतकातील फार थोड्या नाटकांबाबत घडले असेल. वेढलेल्या लेनिनग्राडमधून बाहेर पडलेल्या श्वार्त्सने हे नाटक १९४३ मध्ये ताजिकिस्तानातील स्तालिनाबाद येथे पूर्ण केले. अकीमोवची नाट्यसंस्था तेव्हा तेथे स्थलांतरित झाली होती. मार्च १९४४ मध्ये एका वाङ्मयीन नियतकालिकाने या नाटकावर 'अपायकारक परीकथा' असा शिक्का मारला. त्याच वर्षी मॉस्कोमध्ये ते रंगमंचावर आले आणि लगेच थांबवले गेले. अकीमोवने ते पुन्हा उभे केले १९६२ मध्ये. तोवर लेखकाला जाऊन चार वर्षे झाली होती.

ड्रॅगन म्हणजे हिटलर की स्टालिन, हा वाद तेव्हापासून चालू आहे. दोन्ही पक्षांना संहितेत आधार मिळतो. नगरातील माणसांची नावे जर्मन वळणाची आहेत, ड्रॅगनने नगरातून जिप्सींना हाकलून लावले आहे, आणि १९४३ साली रशियन प्रेक्षकाच्या मनात 'शत्रू' या शब्दाचा एकच अर्थ होता. याउलट प्रमाणपत्रे, अधिकृत निवेदने, पित्यावर पाळत ठेवणारा पुत्र आणि पुत्राच्या पोटात शिरू पाहणारा पिता, ही सामग्री लेखकाला दूरच्या देशातून आणावी लागली नसावी. वाद सुटणार नाही, आणि तो सुटण्याने फारसे काही हाती लागेल असेही नाही. कारण हे दोन्ही अन्वयार्थ एका मुद्द्यावर सारखेच आंधळे आहेत. ड्रॅगन कोण, हा प्रश्न केंद्रस्थानी ठेवला की नाटक दुसऱ्या अंकाच्या अखेरीस संपायला हवे, कारण तेथे ड्रॅगन मारला जातो. प्रत्यक्षात पूर्ण एक अंक उरतो. या उरलेल्या अंकाला जोडपुस्ती मानणारे वाचक अजूनही भेटतात. माझ्या मते या अंकानेच नाटकाला त्याचा विषय दिला आहे.

कथानकाची रूपरेषा येथे देणे आवश्यक आहे, कारण मराठी वाचकांना हे नाटक अपरिचित असण्याचीच शक्यता अधिक. लान्सलॉट हा व्यवसायाने वीर. फिरत फिरत तो एका नगरात येतो आणि एका रिकाम्या घराच्या स्वयंपाकघरात त्याला मांजर भेटते. घरावर आलेले संकट मांजराकडूनच त्याला कळते. चारशे वर्षांपासून या नगरावर तीन डोक्यांच्या ड्रॅगनचे राज्य आहे. त्याला हजारो जनावरांचा आणि कोंबड्यांचा नियमित करभार द्यावा लागतो, शिवाय दरवर्षी एक कुमारिका. यंदा अभिलेखपाल शार्लमान याची मुलगी एल्सा हिची पाळी आहे. लान्सलॉट आव्हान देतो, लढतो, तिन्ही डोकी उडवतो आणि जखमी होऊन नाहीसा होतो. एक वर्षानंतर नगराध्यक्ष हाच 'ड्रॅगनचा वध करणारा' म्हणून अध्यक्षपदी बसला आहे, तुरुंग भरले आहेत, आणि एल्साचे लग्न आता त्याच्याशीच ठरले आहे. लान्सलॉट परततो आणि व्यवस्था उलथवतो.

अद्भुताची तात्त्विक मांडणी करताना त्स्वेतान तोदोरोव्हने १९७० मध्ये एक भेद केला, तो येथे उपयोगी पडतो, आणि त्याची मर्यादाही येथेच दिसते. त्याच्या मते विलक्षणाचा खरा प्रांत संभ्रमाचा असतो. घडते आहे ते निसर्गनियमांत बसणारे की त्यांपलीकडचे, याचा निर्णय वाचकाला आणि पात्राला होत नाही, तोवरच विलक्षण टिकते. रूपकार्थ स्वीकारला की हा संभ्रम मावळतो. या कसोटीवर 'ड्रॅगन' सरळ अद्भुताच्या कक्षेत जाईल, कारण येथे मांजर बोलते आणि कोणी चकित होत नाही. परंतु संभ्रम येथे नाहीसा झालेला नाही, तो स्थलांतरित झाला आहे. लान्सलॉटला ड्रॅगनचे आश्चर्य वाटत नाही. ड्रॅगन मारणे हा त्याचा व्यवसायच आहे. ड्रॅगनबरोबर सुखाने नांदणारी सभ्य, सुस्वभावी, पाहुणचार करणारी माणसे त्याला उमगत नाहीत. जे अविश्वसनीय आहे ते निसर्गाच्या पातळीवर नसून समाजाच्या पातळीवर आहे. श्वार्त्सच्या आधीच्या 'नागडा राजा' (१९३४) आणि 'सावली' (१९४०) या नाटकांतही अँडरसनच्या कथांना असाच पीळ दिलेला आढळतो. मात्र तेथे मूळ कथेचा टेकू होता. येथे लेखकाने केवळ एक जुना, सर्वत्र आढळणारा कथाबंध घेतला आहे : राक्षस, नगर, बळी, वीर.

या कथाबंधाचा आपल्याला निकटचा नमुना म्हणजे आदिपर्वातील बकवध. एकचक्रा नगरीतील ब्राह्मण कुंतीला आपली हकिकत सांगतो, त्या सांगण्यातील एका शब्दाकडे क्वचितच लक्ष दिले जाते. बकाला द्यावयाचे गाडाभर अन्न, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस यांना तेथे 'वेतन' म्हटले आहे. बक हा लुटारू नव्हे. तो नगरीचे रक्षण करतो, त्याच्यामुळे परचक्राचे भय नाही, आणि त्या रक्षणाचा हा मोबदला आहे. प्रत्यक्षातला राजा दुबळा आणि नीतीशून्य आहे, हेही ब्राह्मण जाता जाता सांगून टाकतो. म्हणजे राक्षसाचे राज्य ही सत्तेची अनुपस्थिती नसून पर्यायी सत्ता आहे. तिचा स्वतःचा हिशोब आहे आणि त्या हिशोबाला प्रजेची संमती आहे.

शार्लमानच्या तोंडी हाच हिशोब येतो. फरक एवढाच, की ब्राह्मणाच्या घरी रडारड चालू आहे आणि शार्लमानच्या घरी शांतता. ब्याऐंशी वर्षांपूर्वी नगरात पटकीची साथ आली तेव्हा ड्रॅगनने तळ्यावर अग्नी फुंकून सारे पाणी उकळून दिले, हा उपकार तो आवर्जून सांगतो. जिप्सींना हाकलले हा दुसरा उपकार. जिप्सी त्याने आयुष्यात पाहिलेले नाहीत. ते किती भयंकर असतात हे त्याला शाळेत शिकवले गेले आहे, तेवढे त्याला पुरते. ज्या वर्षांत हे लिहिले जात होते, त्याच वर्षांत नाझी छावण्यांत जिप्सींचा संहार चालू होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या निरागस वाक्यांची धार कळते. इतर ड्रॅगनांपासून वाचायचे तर स्वतःचा एखादा असावा, हा शार्लमानचा सिद्धांत बकाच्या 'वेतना'हून वेगळा नाही. आणि शार्लमान दुष्ट नाही. तो प्रेमळ बाप आहे, मुलीसाठी मरायलाही तयार आहे. विचार करण्याचे मात्र त्याने सोडून दिले आहे. तो अभिलेखपाल आहे ही योजना मला फार अर्थपूर्ण वाटते. चारशे वर्षांची सर्व कागदपत्रे ज्याच्या हाती आहेत, त्याच्याजवळ इतिहास मात्र नाही.

ड्रॅगन स्वतः कसा आहे? नाटकात तो प्रथम येतो तो माणसाच्या रूपात. वयस्क पण धट्टाकट्टा, शिपाईगडी वाटणारा, थोडा बहिरा. पुढे त्याच जागी एक गंभीर, संयमी, उंच कपाळाचा गृहस्थ दिसतो. मग एक खुजा, प्रेतासारखा पांढरा म्हातारा. तीन डोकी, तीन माणसे. पहिला दरडावतो, दुसरा समजावतो, तिसरा थंडपणे मृत्यूची भाषा बोलतो. मध्ययुगीन राजसत्तेचा अभ्यास करताना कांटोरोविच याने १९५७ च्या आपल्या ग्रंथात राजाच्या दोन देहांची कल्पना विशद केली आहे. एक देह मर्त्य, तो म्हातारा होतो, आजारी पडतो. दुसरा राज्यरूप, तो मरत नाही. श्वार्त्सने ही कल्पना वाचलेली असणे शक्य नाही, पण त्याने ती उलटी करून दाखवली आहे असे म्हणता येईल. येथे अमर वाटणारा देह हाच पशूचा, आणि रोजच्या व्यवहारात दिसणारे देह माणसांचे. हूणांचा अट्टिला ज्या दिवशी पराभूत झाला त्या दिवशी आपला जन्म झाला, आपण युद्धाचे पुत्र आहोत, असे ड्रॅगन सांगतो तेव्हा तो आपली वंशावळच देत असतो. पण नगरातील लोकांनी त्याला बहुधा माणूस म्हणूनच पाहिले आहे. सत्तेचे हिंस्र रूप आठवणीत आणि तिचे सौम्य रूप दारात, अशी ही विभागणी आहे. राज्य चालते ते तिच्यावर.

ड्रॅगनसत्ताक राज्यांची अद्भुतकथेत आज वाण नाही. तथापि त्यांतील बहुतेक ठिकाणी ड्रॅगन हे सत्तेचे साधन असते. जॉर्ज मार्टिनच्या १९९६ पासूनच्या कादंबरीमालेतील राजघराणे ड्रॅगनांच्या बळावर राज्य मिळवते, पण राज्य करतात माणसेच. टोल्किनच्या 'हॉबिट'मधील (१९३७) स्मॉग डोंगराचा धनी आहे, पण त्याला प्रजा नाही, केवळ संपत्ती आहे. तो राखतो, राज्य करीत नाही. श्वार्त्सच्या ड्रॅगनला संपत्तीचे विशेष आकर्षण दिसत नाही. त्याला हवी आहेत माणसे, आणि तीही एका विशिष्ट अवस्थेतली.

राज्यकारभाराचे चित्रण हा या नाटकाचा सर्वात रसरशीत भाग होय. द्वंद्वयुद्धाचे आव्हान रीतसर स्वीकारले जाते, आणि वीराला शस्त्रे पुरवण्याचे काम नगरपालिकेकडे येते. शिरस्त्राण म्हणून न्हाव्याचे तांब्याचे भांडे मिळते, ढालीच्या जागी तबक. भाला मिळत नाही. भाला दुरुस्तीस दिला आहे अशा मजकुराचे प्रमाणपत्र मिळते, ते युद्धाच्या वेळी ड्रॅगनला दाखवावे म्हणजे झाले! हा निव्वळ विनोद नाही. वस्तूच्या जागी वस्तूविषयीचा कागद येणे ही या राज्याची मूलभूत क्रिया आहे. नगराध्यक्षाचा मुलगा हाइनरिख आकाशातील युद्धाची निवेदने वाचून दाखवतो, तेथे ती कळसाला पोचते. ड्रॅगनचे एक डोके तुटून चौकात पडते. निवेदन सांगते, की प्रकृतीच्या कारणास्तव त्या डोक्याला सैनिकी सेवेतून मुक्त करून राखीव दलात घेण्यात आले आहे. लोकांसमोर तुटलेले डोके पडले आहे आणि लोक निवेदन ऐकत आहेत. काय घडते आहे ते एक लहान मुलगा वर पाहून स्पष्ट सांगत असतो, त्याला गप्प करण्यात येते. येथे अँडरसनच्या कथेतील मूल पुन्हा आले आहे, पण त्याच्या सत्यकथनाने आता जमाव हसत नाही. अँडरसनचा विश्वास एका शतकात किती क्षीण झाला याचे हे माप आहे.

सत्तेने भाषेवर कब्जा केला हे विधान आता समीक्षेत इतके रुळले आहे, की त्याचा अर्थ झिजून गेला आहे. श्वार्त्स एक पाऊल पुढे जातो. निवेदनावर येथे कोणाचाच विश्वास नाही. ते वाचणाऱ्या हाइनरिखचा नाही, ऐकणाऱ्यांचाही नाही. तरीही ते परिणामकारक ठरते, कारण त्याने वागण्याची दिशा ठरते. विचारप्रणालीला श्रद्धेची गरज नसते, सवयीची असते. फ्रान्समध्ये सोळाव्या शतकात ला बोएसीने स्वेच्छादास्यावर जे लिहिले त्याची येथे आठवण होते. जुलमी राजाला आपण डोळे देतो म्हणून तो पाहतो, हात देतो म्हणून तो मारतो. आधार काढून घ्या, तो आपोआप कोसळेल, अशी त्याची धारणा होती. श्वार्त्सचा ड्रॅगन या धारणेला जणू उत्तर देतो. लान्सलॉटला तो सांगतो, की शरीराचे दोन तुकडे केले तर माणूस मरतो, पण आत्मा फाडला तर तो केवळ आज्ञाधारक होतो. मग तो आपण घडवलेल्या आत्म्यांची यादी देतो : हात नसलेले, पाय नसलेले, मुके-बहिरे, साखळीला बांधलेले. ला बोएसी म्हणतो हात काढून घ्या. ड्रॅगन म्हणतो, हात उरलेच आहेत कुठे?

ड्रॅगनच्या या बढाईवर कितपत विश्वास ठेवावा? बहुतेक समीक्षक तिला नाटकाचे सूत्रवाक्य मानतात. मला यात सावध राहावेसे वाटते. बोलणारा ड्रॅगन आहे, आणि प्रतिस्पर्ध्याचे धैर्य खचवणे हा त्याचा हेतू आहे. नाटकातील घटना त्याचे म्हणणे पूर्णतः खरे ठरवत नाहीत. लान्सलॉटला विषारी सुऱ्याने मारण्याची आज्ञा एल्साला होते आणि ती सुरा विहिरीत फेकून देते. विणकर, लोहार, टोप्या करणारे, वाद्ये करणारे हे कारागीर पिढ्यान् पिढ्या वीराची वाट पाहत गुपचूप काम करीत आले आहेत. उडता गालिचा, अदृश्य करणारी टोपी, भाला, तलवार हे सारे त्यांच्याकडून येते. नगरपालिकेने कागद दिला, कारागिरांनी वस्तू दिली. हा विरोध श्वार्त्स अधोरेखित करीत नाही, पण तो संहितेत आहे.

तिसऱ्या अंकाकडे येताना पुन्हा एकचक्रेकडे वळावे लागते. बकाला मारल्यावर भीम त्याचे प्रेत वेशीवर टाकतो आणि निघून जातो. पांडव अज्ञात आहेत, नाव सांगता येत नाही. नगरजन विचारू लागतात तेव्हा ब्राह्मण एका अनाम मंत्रसिद्ध ब्राह्मणाचे निमित्त पुढे करतो, आणि लोक आनंदाने उत्सव सुरू करतात. महाकाव्याला ही पोकळी अडचणीची वाटत नाही. बकाचे नातलग राक्षस यापुढे माणसांना त्रास देणार नाहीत असे वचन भीमाने घेतले आहे आणि ते वचन पाळले जाते. राक्षस वचन पाळतात! वीर निनावी राहिला तर त्याच्या जागी कोण बसेल, हा प्रश्न व्यासांच्या जगात उद्भवत नाही. श्वार्त्सच्या जगात दुसरा प्रश्नच नाही. नगराध्यक्ष, ज्याने आयुष्यभर वेडाचे सोंग घेऊन जबाबदारी टाळली, तो आता पूर्ण बरा झाला आहे. वधाचे श्रेय त्याच्या नावावर जमा आहे, नागरिक त्याच्या जयजयकाराची तालीम करीत आहेत, आणि भिंतींवर लान्सलॉटच्या नावाचे आद्याक्षर उमटते म्हणून तो बेचैन आहे. ड्रॅगन गेला, त्याचे पद राहिले. पहिल्या अंकात जे बळीचे कर्मकांड होते ते तिसऱ्या अंकात विवाहाचे कर्मकांड झाले आहे, आणि वधू तीच आहे.

नाटकाचा शेवट बहुधा लान्सलॉटच्या वाक्यांवरून वाचला जातो. आपण फक्त शिकवल्याप्रमाणे वागलो, असे हाइनरिख सांगतो तेव्हा लान्सलॉट त्याला विचारतो, की शिकवले सर्वांनाच गेले, पण पहिला नंबर काढण्याची काय गरज होती? प्रश्न बिनतोड आहे. त्यानंतर तो म्हणतो, की पुढचे काम भरतकामाहूनही नाजूक आहे, कारण प्रत्येकाच्या आतला ड्रॅगन मारावा लागणार आहे. या उद्गाराला नाटकाचा संदेश म्हणून सर्वत्र मान्यता मिळाली. मला तो अस्वस्थ करतो. सोव्हिएत लेखकांना 'मानवी आत्म्याचे अभियंते' हे बिरुद १९३२ मध्ये स्टालिनने दिले होते. ते दशकभर कानांवर आदळल्यानंतर लिहिणाऱ्या नाटककाराने मुक्तिदात्याच्या तोंडी आत्म्यांची दुरुस्ती घालावी, हे निष्पाप मानता येईल काय? ड्रॅगन आत्मे मोडतो, लान्सलॉट ते सांधू पाहतो. आत्मा ही कोणा दुसऱ्याने हाताळावयाची सामग्री आहे, यावर दोघांचे एकमत आहे. मार्क झाखारोव्हच्या १९८८ च्या चित्रपटाने हे नेमके हेरले. तेथे परतलेला लान्सलॉट लोकांना स्वातंत्र्याचा धडा देऊ लागतो आणि लोक गुडघे टेकतात. अखेरच्या दृश्यात बर्फावर मुलांबरोबर पतंग उडवणारा मनुष्यरूपी ड्रॅगन त्याला पुन्हा भेटतो. चित्रपटाचा निष्कर्ष मला अधिक कडवट वाटतो, अधिक खोल नव्हे. संहितेत एक वेगळी वाट आहे, ती त्याने घेतली नाही.

ती वाट एल्साच्या बोलण्यात आहे. विवाहाच्या वेळी जमलेल्या पाहुण्यांना ती विचारते, की ड्रॅगन मेलाच नाही आणि नेहमीप्रमाणे मनुष्यरूप घेऊन आला असे तर नाही ना? फक्त या वेळी तो एका माणसाचा न होता अनेक माणसांचा झाला आहे, आणि ही माणसे मला मारत आहेत. लान्सलॉट परतण्यापूर्वीच हे निदान झालेले आहे, आणि ते लान्सलॉटच्या निदानासारखे दिसले तरी तसे नाही. त्याचा ड्रॅगन प्रत्येकाच्या आत आहे, म्हणून त्याला शल्यवैद्य लागतो. एल्साचा ड्रॅगन माणसांच्या वागण्यात, त्यांच्या एकत्र गप्प राहण्यात आहे. त्यावरचा उपाय शल्यक्रिया नव्हे. कोणीतरी 'नाही' म्हणणे हा उपाय आहे, आणि तो त्या मंडपात एल्साच्या खेरीज कोणी योजलेला नाही. श्वार्त्सने हे निदान बळीच्या तोंडी घातले आणि मग मान मात्र वीराला दिला, हा नाटकाच्या रचनेतील दोष म्हणावा लागेल. परीकथेच्या साच्याने लेखकावर केलेली ही मात आहे.

की लेखकाला ही मात जाणवली होती? लान्सलॉटच्या त्या उद्गारानंतर नगरातला माळी पुढे येतो आणि विनवतो, की धीर धरा, कलमे करा, शेकोट्या पेटवा, कारण उबेने वाढ होते, आणि तण उपटताना चांगल्या मुळांना इजा होऊ देऊ नका. वीर मारण्याची भाषा बोलतो तेथे माळी वाढवण्याची बोलतो. एकाच पानावर या दोन भाषा शेजारी ठेवल्या आहेत, आणि लान्सलॉट त्या माळ्याला उत्तर म्हणून काही बोलत नाही. लगेच लग्नाची घाई सुरू होते, आणि पुष्कळ दुःखानंतर आता आपण सारे सुखी होणार, असे वीर जाहीर करतो. नगराध्यक्ष आणि हाइनरिख तुरुंगात गेलेले असतात. तुरुंग तोच असतो.